‘सलामी दो’ म्हणणारा आवाज माझा होता

हवालदार,

तुम्हाला माती देऊन आज अकरावा दिवस. कबरस्तानातून घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं, ही चप्पल कुणाची? एक माझी होती, दुसरी कुणा भल्या माणसाची. तो बिचारा माझ्या चपलेत फरफटत घरी गेला असेल. ही गंमत तुम्हाला सांगायची म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाकडे निघालोसुद्धा. वडवणीच्या स्टँडपर्यंत पोचलो, शटर खाली दिसलं, आणि मग आठवलं.

मी मास्तर माणूस. माझं लिहिणं म्हणजे टाचण, अहवाल आणि वर पाठवायचे तक्ते. असलं काही लिहायची सवय नाही. पण तुमच्याशी एक बोलायचं राहिलं आहे, आणि ते तोंडावर बोलायची हिंमत मला चार-पाच महिन्यांत झाली नाही. आता कागदावर बोलतो.

आपली ओळख मोटारीवरून झाली. शाळेच्या बोअरची मोटार जळाली होती. कुणीतरी म्हणालं, स्टँडमागं एक फौजी आहे, नुकताच निवृत्त होऊन आलाय, रिवायंडिंग करतो, माणूस सरळ आहे. मी मोटार घेऊन आलो. तुम्ही ती उघडलीत, जळक्या तारेचा वास घेतलात आणि विचारलंत, "पानी नसताना किती येळ चालू ठिवलती?" मी म्हणालो, छे, मुळीच नाही. तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत. "मास्तर, पोरांना बी आसंच शिकवता का?" ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवसापासून मी तुमच्याशी एकदाही खोटं बोललो नाही. गप्प राहणं खोट्यात धरायचं की नाही, ते मात्र आपण कधी ठरवलं नव्हतं.

मोटार बसवायला तुम्ही स्वतः शाळेत आलात, आणि मी तुम्हाला पंधरा ऑगस्टचं आमंत्रण दिलं. गावात दुसरा फौजी नाही, त्यामुळे मला फार कौतुक. तुम्ही आलात ते इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाकी पँट, चकचकीत बूट आणि उघडं डोकं, असे. झेंडा वर गेला. मी माझ्या ठेवणीतल्या आवाजात ओरडलो, "राष्ट्रध्वज को सलामी देंगे, सलामी दो!" सरपंचांचा हात वर गेला, ग्रामसेवकांचा गेला, पोलीस पाटलांचा गेला, शंभर-सव्वाशे पोरांचे गेले. तुम्ही तसेच उभे. मुठी मिटलेल्या, अंगठे पँटच्या शिवणीवर, नजर झेंड्यावर. पापणीसुद्धा हलली नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी तुम्हाला बाजूला घेतलं. जरा रागातच होतो. तुम्ही शांतपणे सांगितलंत, "फौजेत टोपीबगैर सलामी नसती मास्तर. डोकं उघडं आसलं की सावधान. तीच आपली सलामी."

"अहो, पण झेंडा आहे. भावना म्हणून काही…"

"भावना आत ऱ्हाती. हात कायद्यानं चालतो."

"मग ही पोरं? सव्वाशे उघडी डोकी आहेत इथं."

"तुमी त्यांना लई चुकीचं शिकवायलात," तुम्ही म्हणालात, आणि जिलबीच्या पुड्याकडे वळलात.

मला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात येऊन तावातावानं सांगितलं, की ही मुलं आहेत, पलटण नव्हे. मुलानं झेंड्याकडे बघून हात कपाळाला लावला तर कुठल्या कायद्याचं काय बिघडतं? तुम्ही म्हणालात, मुलाला बरोबर तेच शिकवावं, चुकीचं काय ते आपोआप शिकतंय. त्यानंतर दरसाल दोनदा, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला, आपला हा वाद झाला. मधल्या काळात तो थोडा-थोडा तापत ठेवायचो. मी तुमच्या दुकानात बीडच्या गाडीची वाट बघत बसायचो, तुम्ही तार गुंडाळत असायचात. दोन गाड्या सुटायच्या, तरी मी बसलेलाच.

एकदा मी म्हणालो, एवढं आहे तर घाला की तुमची फौजेतली टोपी. तुम्ही म्हणालात, टोपी एकटी घालत नाहीत, तिच्यासोबत तो निळा कोट आणि पदकं. मग कोट घाला. त्यावर तुम्ही इकडंतिकडं बघून हळूच म्हणालात, "कोटाची गुंडी लागत न्हाई. पोट सुटलंय." मी इतका हसलो की शेजारचा पंक्चरवाला बघायला आला. तुम्ही सव्वीस जानेवारीपर्यंत पोट कमी करायची शपथ घेतलीत आणि भाभींच्या हातची खीर खाऊन ती मोडलीत.

कपिलधारला गेलो होतो ते आठवतं? तुमच्या स्कूटरवर. धबधबा जोरात होता, मी शेवाळावरून घसरलो आणि तुम्ही मला मागून शर्टाच्या कॉलरीला धरलंत. कॉलर फाटली, मी वाचलो. वर येऊन भजी खाताना मी पुन्हा तोच विषय काढला. तुम्ही म्हणालात, "आत्ता मरता मरता वाचलात, आन् तेच धरून बसायलात?" शेजारी बसलेल्या बायका आपल्याकडे बघून हसत होत्या. दोन म्हातारे कशावरून भांडतायत, त्यांना कळेना.

पंचायत समितीला उभं राहा, हे डोक्यात मीच भरवलं. आधी चेष्टेत, मग खरंच. शाळेच्या वाटेवरच्या ओढ्याला पूल नाही, पाणी आलं की पलीकडच्या वस्तीची पोरं चार-चार दिवस घरी. तुम्ही अर्ज घेऊन तीनदा गेलात, तीनदा परत आलात. मी म्हणालो, अर्ज देणारे होऊ नका, घेणारे व्हा. माझं हे वाक्य मला फार आवडलं होतं. तुम्ही आठवडाभर विचार केलात आणि उभे राहिलात.

आणि लोक तुमच्याकडे वळायला लागले. मोटारी दुरुस्त करून तुम्ही अख्ख्या गणात घरोघर ओळखीचे. तुम्ही भाषण करत नव्हता, ओसरीवर बसून पुलाचं बोलत होता. समोरच्यांना ते जड जायला लागलं असावं.

त्या दिवशी वडवणीचा बाजार होता. मी गवार घेत होतो. भाजीच्या ओळीच्या टोकाला त्यांची प्रचाराची गाडी उभी होती, मागं मोठा पडदा. आणि मला माझाच आवाज ऐकू आला. "सलामी दो!" मी वळलो. पडद्यावर आपली शाळा होती. सगळ्यांचे हात हळूहळू वर जात होते आणि तुमच्या उजव्या हाताभोवती लाल गोल होता. पुन्हा "सलामी दो!" हात खालीच. तिसऱ्यांदा "सलामी दो!" मग भारदस्त आवाजात कुणीतरी विचारत होतं, "ज्याचा हात तिरंग्यासाठी उठत नाही, तो तुमच्या कामासाठी उठेल का?" आणि शेवटी मोठी अक्षरं: फौजी नव्हे, नुसता पेन्शनी!

त्यात धर्माचा एक शब्द नव्हता. असायची गरजही नव्हती. ऐकणाऱ्यानं तो आपल्या पदरचा घालावा, अशीच ती जाहिरात बेतलेली होती. शब्बीर हवालदारांचा हात उठत नाही, एवढं दाखवलं की पुढचं लोक आपसांत बोलतात.

तो गेल्या पंधरा ऑगस्टचा व्हिडिओ माझ्याच फोनमधला होता. शाळेत पान हललं तरी व्हिडिओ काढून वर पाठवावा लागतो. झाड लावलं, व्हिडिओ. हात धुतले, व्हिडिओ. आमच्या शाळेतल्या बाईंनी माझ्या फोनवर काढला, मी केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर टाकला, मग पालकांच्या, मग कौतुकानं गावाच्या. खाली लिहिलंसुद्धा होतं, ‘आमच्या शाळेचा दिमाखदार सोहळा’. तिथून तो त्यांनी उचलला.

गवारीची पिशवी हातात धरून मी उभा होतो. भाजीवाली म्हणाली, "मास्तर, हे तर तुमचंच वरडनं हाय की." मी हो म्हणालो. तेवढंच बोललो. त्या बाजारात निदान शंभर माणसं माझ्या ओळखीची होती, अर्ध्यांना मी शिकवलं होतं. मोठ्यानं एक वाक्य म्हणायचं होतं, की उघड्या डोक्यानं फौजी सलामी देत नाही, हवालदारांचं बरोबर आहे. बारा वर्षं तुमच्याशी भांडून ते मला पाठ झालं होतं. साऱ्या गावात ते एवढं पक्कं ठाऊक असलेला, तुमच्याखेरीज, मी एकटाच होतो. मी गवार घेऊन घरी आलो.

कारण तयार होतं. सरकारी नोकर, आचारसंहिता लागलेली, प्रचारात तोंड घालता येत नाही. कायदा म्हणून ते खरंच आहे. पण नियम काय आहे हे सांगणं म्हणजे प्रचार नव्हे, हे मलाही कळत होतं. पुढचे चार दिवस मी स्टँडवर उतरलोच नाही. अलीकडच्या फाट्यावर उतरून चालत आलो.

पाचव्या दिवशी आलो. तुम्ही तार गुंडाळत होता. मी म्हणालो, "हवालदार, तो व्हिडिओ…"

"बगितला. आवाज चांगला आलाय तुमचा." आणि तुम्ही हसलात.

मी विचारलं, "मी काही बोलू का?"

बोलायचं असतं तो असं विचारत नाही, हे तुम्हाला कळलंच असणार. तुम्ही मान खाली घालून तारेचा पुढचा वेढा दिलात. "तुमची नोकरी हाय मास्तर. कावून पडता ह्यात? ऱ्हाऊ द्या."

मी लगेच मान डोलावली. फार लगेच. तुम्ही वर बघितलंत, आणि मला वाटतं तेव्हाच काहीतरी तुमच्या चेहऱ्यावरून गेलं. मग तुम्ही विचारलंत, भाभींनी शेवयाचा डबा दिलाय, तुमच्या घरी नेता का? मी डबा घेऊन आलो. शेवया खाल्ल्या. हवालदार, त्या मी खाल्ल्या याची मला अजून लाज वाटते.

तुम्ही हरलात. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला दुकान उघडलंत. गुलाल उधळत मिरवणूक दुकानावरून गेली तेव्हा तुम्ही एका शेतकऱ्याला मोटारीचं बेअरिंग दाखवत होता, असं पंक्चरवाल्यानं सांगितलं. मिरवणुकीतली दोन पोरं तुमच्याकडे बघून सलाम ठोकत गेली. तुम्ही त्यांना म्हणालात, "टोपी घाला रे." एवढंच.

सव्वीस जानेवारीला तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगू? येऊ नये असंच वाटत होतं. तुम्ही आलात. तोच पांढरा शर्ट, तीच जागा, उघडं डोकं. गावातले लोक यंदा झेंड्याकडे बघतच नव्हते. दहा-बारा फोन तुमच्याकडे रोखलेले. माझ्या हातात शिट्टी होती, आणि त्या मैदानावरचा हुकूम माझा होता. मी नुसतं ‘सावधान’ म्हणून थांबलो असतो, तर सगळी शाळा तुमच्यासारखीच उभी राहिली असती. सव्वाशे पोरं, मिटल्या मुठी, आणि मध्ये तुम्ही. ते माझ्या डोक्यात आलं होतं, शपथेवर सांगतो. आणि मी ओरडलो, "सलामी दो!"

तुम्ही हलला नाहीत. लोकांनी फोटो काढले. कार्यक्रम संपल्यावर तुम्ही नेहमीसारखे पोरांत बसून जिलबी खाल्लीत, आणि जाताना मला म्हणालात, "मास्तर, आवाज बसलाय तुमचा. मिठाच्या पान्यानं गुळण्या करा." त्या दिवशी आपण वाद घातला नाही. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

मग चैत्रातल्या त्या दुपारी तुम्ही दुकानातच गेलात. लोक म्हणतात, हवालदारांनी मनाला लावून घेतलं. मला तसं म्हणवत नाही. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, आणि तुम्ही गोळ्या शर्टाच्या खिशात ठेवून विसरायचात. तुमचं मरण त्या जाहिरातीच्या नावावर लावलं, तर तुमच्यावर तिचा केवढा जोर होता असं होईल, आणि ते तुम्हाला आवडायचं नाही. माझ्या गप्प राहण्यानं तुम्ही मेलात असंही मी म्हणत नाही. तेवढा मोठा मी नाही.

पण तिसऱ्या दिवशी, जियारतीला, तुमच्या घरी आलो. भाभी इद्दतीत, परक्या पुरुषासमोर येत नाहीत. पडद्यापलीकडून बोलल्या. आधी माझ्या पोराबाळांची चौकशी केली. मग म्हणाल्या, "मास्तर, ते तुमची लई वाट बगायचे. तवा, विलेक्शनात."

मी म्हणालो, "भाभी, त्यांनीच मला नको म्हणून सांगितलं होतं."

"तुमाला तसंच सांगनार की. मला म्हनायचे, मी बोललो तर ती सोताची सफाई देनं व्हतं. मास्तर बोलले तर तो कायदा व्हतो. म्हनायचे, बोलतेत बग मास्तर, आज न्हाई तर उद्या. दुकान बंद करायला उशीर करायचे. मी म्हनायची, आहो, या आता घरी. तर म्हनायचे, मास्तर येतेत म्हनलेत." मग त्यांनी विचारलं, "तुमी म्हनलते का येतो म्हनून?"

मी म्हणालो नव्हतो. तुम्ही भाभींशी माझ्यासाठी खोटं बोललात, हवालदार. मोटारीबद्दल एवढंसं खोटं न चालणारा माणूस.

बाहेर आलो आणि तुमच्या दाराशी लावलेल्या त्या स्कूटरपाशी उभा राहून रडलो. शोक होताच. पण मला तुमचा रागही आला. ‘मास्तर, बोला’ असं एकदा खडसावून का नाही सांगितलंत? चुकीचा हात वर गेला की शाळेतल्या चौथीतल्या पोरालाही तुम्ही टोकायचात, आणि मलाच तेवढं सोडलंत. तुम्हाला माहीत होतं, मी नोकरीला भितो. आणि दुसरं जे होतं तेही तुम्हाला माहीत असणार. त्या बाजारात मी तुमच्या बाजूनं बोललो असतो तर मला हेही म्हणावं लागलं असतं, की बारा वर्षं मी पोरांना जे शिकवत आलो त्यावर हा माणूस मला दरसाल टोकत होता आणि मी ऐकलं नाही. आचारसंहितेपेक्षा मला हे अवघड गेलं. मुलांच्या बाबतीत मी पुरता चुकीचा होतो असं मला आजही वाटत नाही. हा वाद आपला संपलेला नाही. पण तुमच्या बाबतीत तुम्ही बरोबर होता, आणि ते मला पहिल्या दिवशीच पटलं होतं. हे तुम्हाला एकदाही सांगितलं नाही. तुमच्याकडे बघून मी सरळ उभं राहायला शिकलो, हेही नाही.

काल ग्रामपंचायतीपुढं तुमची शोकसभा झाली. निवडून आलेल्या साहेबांनीच ठेवली. मोठं बॅनर, तुमचा फोटो, आणि खाली त्यांचा तुमच्याहून मोठा. साहेब बोलले, गावाचा सच्चा सैनिक हरपला, त्यांची देशभक्ती आपणा सर्वांना प्रेरणा देत राहील. बोलताना गळासुद्धा दाटला त्यांचा. कुणी हसलं नाही, कुणी चिडलं नाही. लोकांनी माना हलवल्या.

मग मला बोलायला बोलावलं. शिक्षक म्हणून चार शब्द. मी उठलो आणि सांगितलं. उघड्या डोक्यानं फौजी सलामी देत नाही. सावधान हीच त्याची सलामी. त्या व्हिडिओत सगळ्या मैदानावर नियमानं उभा असलेला माणूस एकच होता, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ‘सलामी दो’ म्हणणारा आवाज माझा होता. साहेब मोबाइलमध्ये बघायला लागले.

मागच्या ओळीत नामदेवआबा बसले होते, वर्षानुवर्षं तुमच्याकडे मोटारी आणणारे. ते काठी टेकत उठले. रागावलेले दिसत नव्हते. खरंच कळत नाही म्हणून विचारावं, तसं त्यांनी विचारलं, "मास्तर, मग तवा कावून न्हाई सांगितलं? आमी त्या व्हिडिओपायी त्यांला मत दिलं न्हाई की ओ."

माईक माझ्या हातात होता. आचारसंहितेचं वाक्य अगदी ओठांवर आलं. ते मी गिळलं.

"भ्यालो, आबा," मी म्हणालो.

आबा म्हणाले, "आमाला काय म्हाईत," आणि खाली बसले, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले. त्यांच्या शेजारचा माणूसही मान खाली घालून बसला होता, त्याच्या पलीकडचाही.

मी जागेवर येऊन बसलो. घड्याळात बघितलं. एवढं सांगायला पाच मिनिटं लागली होती, हवालदार.